फिलिपिन्सच्या टीचरकडं ऑनलाईन इंग्लिश: क्लासचा रिव्ह्यू, आणि "त्यांचंच इंग्लिश घसरलंय" म्हणणाऱ्यांना उत्तर

आधी निकाल सांगून टाकतो, मग बाकीचं. ज्यांना इंग्लिश वाचता येतं, लिहिता येतं, पण चार माणसांत बोलायची वेळ आली की वाक्य जुळत नाही, अशांनी हा क्लास डोळे झाकून लावावा. आन ज्यांचं लेकरू दुसरी-तिसरीत आहे, मराठीच अजून अडखळत वाचतंय, त्यांनी तूर्त हे पैसे ठेवावेत आणि त्याच पैशात गोष्टीची पुस्तकं आणून द्यावीत. असं का म्हणायलोय ते सविस्तर लिहितो, थोडं लांबेल, कारण हा क्लास फिलिपिन्सच्या टीचर घेतात आणि इकडं कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न हाच येतो, अहो त्यांचंच इंग्लिश घसरलंय म्हणतात, मग त्यांच्याकडून काय शिकायचं? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर दोन ओळीत होत नाही, आणि ते उत्तर आपल्या मराठवाड्यातल्या शाळांना लई जवळचं आहे.

मी अंबाजोगाईत सेमी इंग्रजीच्या वर्गांना गणित शिकवतो. म्हणजे पुस्तक इंग्लिशमधी, पेपर इंग्लिशमधी, समजावणं मराठीत. माझं स्वतःचं दहावीपर्यंत सगळं मराठीतून झालं, बीएस्सी इंग्लिशमधून, त्यामुळं वाचायला काही अडत नाही, पण सलग अर्धा तास इंग्लिश बोलायची सवय कधी लागलीच नाही, बोलणार कुणाशी? आता पालक मागं लागलेत की सर वर्गात थोडं इंग्लिशमधी बोलत जा, पोरांच्या कानावर पडू द्या, त्यांचंही बरोबर आहे. म्हणून लावला.

ॲपचं नाव लिहीत नाही, खाली तक्रारी पण आहेत म्हणून, आणि या धर्तीची बरीच ॲप आहेत, सगळ्यांची रीत साधारण सारखीच. पंचवीस मिनिटांचा क्लास, समोरासमोर एकटी टीचर आणि एकटे आपण, व्हिडिओवर. टीचरचं प्रोफाईल बघायचं, तिनं स्वतःची ओळख करून दिलेला छोटा व्हिडिओ असतो तो ऐकायचा, आवाज आणि बोलायची पद्धत पटली तर स्लॉट बुक करायचा. एका क्लासला साडेतीनशेच्या आसपास पडतात, मोठं पॅकेज घेतलं की कमी. त्याच ॲपवर ब्रिटिश, अमेरिकन टीचर घेतली तर रक्कम तिपटीच्या पुढं जाते, ते आपल्या पगारात बसत नाही, आणि मला तरी त्याची गरज वाटली नाही.

मला मिळालेली टीचर विसायस म्हणजे फिलिपिन्सच्या मधल्या भागातल्या एका बेटावरची, आधी तिथल्या सरकारी हायस्कूलला शिकवायची, आता घरूनच ऑनलाईन घेते. पहिल्याच क्लासला मी सांगितलं की मला गणित इंग्लिशमधून समजावून सांगता यायला पाहिजे, तर ती म्हणाली ठीक आहे, मी आठवीची मुलगी आहे असं समजा आणि मला पायथागोरसचा सिद्धांत शिकवा. मी वहीवर त्रिकोण काढून कॅमेऱ्यासमोर धरला आणि सुरू केलं. मधी एकदाही टोकलं नाही तिनं, पण बाजूला चॅटमधी काहीतरी टाईप व्हायलेलं दिसत होतं. माझं झाल्यावर ती एकेक ओळ घेऊन बसली. "ड्रॉ वन ट्रायँगल" च्या जागी "ड्रॉ अ ट्रायँगल". "आय विल एक्सप्लेन यू" च्या जागी "आय विल एक्सप्लेन इट टू यू". हायपोटेन्यूज म्हणताना आपण सगळी अक्षरं सपाट म्हणतो, तिनं "हाय-पॉ-" मधल्या "पॉ" वर जोर देऊन तीन-चारदा म्हणून घेतलं. हे सगळं कुणीही चांगला शिक्षक करेल. पण मग तिनं विचारलं, बेरीज वर्गांचीच का येते, नुसत्या बाजूंची का येत नाही? आता हे मी वर्गात कागद कापून, चौकोन जुळवून दरवर्षी दाखवतो, तरी इंग्लिशमधी दुसऱ्या वाक्यालाच गाडी अडली. तर ती म्हणाली, तुमच्या भाषेत सांगा आधी, मला समजलं नाही तरी चालेल, मी हाताकडं बघते. मी मराठीत सांगितलं, एका दमात. मग म्हणाली आता हेच परत, इंग्लिशमधी, छोट्या छोट्या वाक्यांत. आणि आलं. सगळं सुबक नाही आलं पण आलं.

नंतर तिनं जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाली, माझ्या शाळेतल्या पोरांना गणित येत नाही असं सगळे म्हणायचे, पण निम्म्या पोरांना प्रश्नच कळलेला नसायचा, प्रश्न इंग्लिशमधी आणि पोरांच्या डोक्यातली भाषा वेगळी, त्यांना कुणी आधी तुमच्या भाषेत सांगा असं म्हणलंच नाही.

मी थक्क झालो, कारण आपण तर असं धरून चालतो की फिलिपिन्स म्हणजे इंग्लिशचा देश. कॉल सेंटर तिकडं, नर्सा तिकडून जगभर जायलेल्या, कोरियन-जपानी पोरं इंग्लिश शिकायला तिथल्या सेबू आणि बागिओ या शहरांत जाऊन राहतात. २०१० च्या सुमारास फोनवर बोलायच्या कॉल सेंटरच्या धंद्यात त्यांनी भारताला मागं टाकलं. मग घसरलं कुठं? त्यानंतर मी जमेल तसं वाचत गेलो, तिला विचारत गेलो, क्लासचे विषयच ते झाले.

लोक ज्या आकड्यावर बोलतात तो म्हणजे ईएफ नावाच्या कंपनीची इंग्लिशची जागतिक यादी. त्यात फिलिपिन्स २०१६ ला १३ वा होता, २०२० ला २७ वर गेला, २०२४ ला २२ वा. पण ही टेस्ट ज्याला वाटेल तो ऑनलाईन देतो, त्यामुळं सगळ्या देशाचं मोजमाप म्हणून मी तिला फार किंमत देत नाही. आणि त्याच यादीत २०२४ ला भारत ६९ वा आहे, हे पण बोलणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

खरी काळजीची गोष्ट दुसरीकडं आहे. पिसा म्हणून पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय परीक्षा असते, फिलिपिन्सनं २०१८ ला पहिल्यांदा दिली, वाचनात ३४० गुण, ७९ देशांत सगळ्यात खाली. विकसित देशांची सरासरी तेव्हा ४८७ होती. २०२२ ला परत दिली, ३४७. पेपर इंग्लिशमधून, आणि बहुतेक पोरं घरी इंग्लिश बोलत नाहीत. जागतिक बँकेच्या अंदाजानं तिथल्या दहा वर्षांच्या शंभर लेकरांपैकी ९१ लेकरांना साधा छोटा उतारा वाचून समजत नाही. म्हणजे प्रश्न इंग्लिशचा आहेच, पण त्याच्या खाली वाचनाचा प्रश्न आहे, कोणत्याही भाषेतल्या.

आता कारणं. १८९८ ला स्पेनकडून तो देश अमेरिकेकडं गेला आणि १९०१ ला "थॉमस" नावाच्या जहाजातून पाचशेच्या आसपास अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले, गावोगाव पांगले, शाळा इंग्लिशमधून सुरू झाल्या. टीचर सांगते की तिच्या आजीचं शिक्षण फार झालं नव्हतं पण ती पेपर इंग्लिशचाच वाचायची. १९४६ ला स्वातंत्र्य मिळालं तरी शाळा बराच काळ तशाच चालल्या. मग १९७४ ला त्यांनी द्वैभाषिक धोरण आणलं, त्यात गणित आणि विज्ञान इंग्लिशमधून, समाजशास्त्र वगैरे राष्ट्रीय भाषेतून. हे वाचलं तेव्हा मी दोनदा तपासलं. ही तर आपली सेमी इंग्रजीच झाली! आपल्याकडं जे गावोगावच्या शाळांनी उचललंय, जिल्हा परिषदेच्या शाळेनं पट टिकवायला म्हणून सुद्धा, ते त्यांनी पन्नास वर्षं करून बघितलंय. त्यामुळं तिथं काय झालं हे आपल्या शिक्षकांनी तरी बारकाईनं बघायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

झालं असं की शिकवायची भाषा म्हणून इंग्लिश दोन विषयांपुरती उरली, आणि ते दोन विषय असे की त्यात भाषा कमी आणि सूत्रं, आकडे, व्याख्या जास्त. पोरगं "फोटोसिंथेसिस" ची व्याख्या पाठ म्हणतं पण त्याला झाडाबद्दल चार वाक्यं बोला म्हणलं की गप्प. माझ्या वर्गात मी हेच रोज बघतो, "फाईंड द व्हॅल्यू ऑफ" एवढं दिसलं की पोरं कामाला लागतात, आणि तेच गणित शाब्दिक दिलं, शेतकऱ्यानं इतकं कुंपण घातलं वगैरे, की निम्मी पोरं पेन खाली ठेवतात. गणित तेच असतं.

बरं, १९७४ चं धोरण तरी शेवटपर्यंत धरलं असतं, तसंही नाही. १९८७ ला त्यात फेरबदल, २००३ ला राष्ट्राध्यक्ष अरोयोंनी इंग्लिशवर परत भर द्या म्हणून आदेश काढला, २००९ ला मातृभाषेतून शिकवायचं ठरलं आणि २०१२ पासून तिसरीपर्यंत ते लागू झालं, आणि ऑक्टोबर २०२४ ला कायदा करून मातृभाषेची ती सक्ती काढून टाकली. एका शिक्षकाच्या नोकरीत इतके बदल. मातृभाषेमुळं इंग्लिश बिघडलं असं तिकडं बरेच पालक म्हणतात, मला ते पटत नाही. देशात १७० च्या वर भाषा, शाळांसाठी निवडल्या १९, एकाच वर्गात दोन-तीन भाषांची पोरं, शिक्षकाची चौथीच, आणि हातात पुस्तक नाही. तिथल्या संसदेनं नेमलेल्या शिक्षण आयोगाच्या अहवालात आलंय की २०१२ पासून दहा वर्षांत पहिली ते दहावी मिळून फक्त २७ पाठ्यपुस्तकं खरेदी झाली. २७! पुस्तकच नसेल तर माध्यम कोणतंही ठेवा, लेकरू वाचणार काय?

शिक्षकांचं पण तसंच. आमच्याकडं निवडणूक, सर्व्हे, पोषण आहाराच्या नोंदी, ॲपवर माहिती भरा, हे जसं चाललेलं असतं तसंच तिकडं. टीचरनं शाळा सोडली ती पगारापेक्षा कागदांना कंटाळून, वर्गात पन्नासच्या वर पोरं आणि रात्री बसून रिपोर्ट. २०२४ च्या जानेवारीत सरकारनं आदेश काढून शिक्षकांची कारकुनी कामं काढायला सांगितली, तोवर तिच्यासारखे कितीतरी बाहेर पडलेले. ज्याचं इंग्लिश चांगलं त्याला कॉल सेंटर घेतं, अमेरिकेतल्या शाळा सुद्धा फिलिपिनो शिक्षक बोलावतात. म्हणजे देशातलं चांगलं इंग्लिश देशाच्या वर्गात थांबतच नाही, ते कमवायला बाहेर जातं. मला हे सगळ्यात मोठं कारण वाटतं आणि यावर तिकडंही लोक कमी बोलतात. माझ्या स्क्रीनवर ती मला शिकवते ते मला हवंच आहे, तिलाही घर चालवायचंय, पण त्या हायस्कूलमधली पोरं तिला मुकली हे पण खरं आहे.

टीव्हीचं थोडक्यात. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून रात्रीच्या मुख्य बातम्या तिथं इंग्लिशवरून फिलिपिनोत, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय भाषेत आल्या, पुढं कार्टून आणि परदेशी मालिका डब होऊन यायला लागल्या. टीचरच्या आईच्या पिढीला घरबसल्या जे इंग्लिश कानावर पडायचं ते पोरांना पडेना. यात वाईट काही नाही, लोकांना आपल्या भाषेत बातमी मिळाली ही चांगलीच गोष्ट आहे, फक्त त्याची भरपाई शाळेनं वाचनातून करायला पाहिजे होती.

आणि कोरोना. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या त्या नोव्हेंबर २०२१ ला मोजक्या शंभरेक शाळांपासून परत उघडायला लागल्या, सगळ्या उघडायला २०२२ उजाडलं. तोवर छापील मॉड्यूल घरी पाठवायचे आणि भरून परत आणायचे. भरायचं कुणी? आई, मोठी बहीण, शेजारी. आपल्याकडंही तेच झालं, आज नववीत असलेली पोरं तेव्हा तिसरी-चौथीत होती, वाचनाची घडी बसायचं वय घरात गेलं, ते आत्ता शाब्दिक गणितात दिसायलंय.

अजून एक, हे माझं स्वतःचं जुळवलेलं आहे. फिलिपिन्सवर स्पेननं तीनशे वर्षांच्या वर राज्य केलं, स्पॅनिश तर १९८७ पर्यंत कॉलेजात सक्तीची होती, आणि आज टीचरला स्पॅनिशमधी साधं संभाषण येत नाही. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या काळात शाळा, कोर्ट, दफ्तर सगळं उर्दू. आमचे आजोबा सातवी उर्दूतून शिकलेले, जमिनीचे कागद घडाघड वाचायचे, गावातली लोकं त्यांच्याकडं कागद वाचून घ्यायला यायची. १९४८ नंतर दफ्तर बदललं आणि वडिलांच्या पिढीला त्यातलं अक्षर ओळखू येईना. वडिलांना कुणी वाईट शिकवलं म्हणून नाही, उर्दूचं कामच उरलं नाही म्हणून. इंग्लिशचं काम तर उलट वाढायलंय, फिलिपिन्समधी पण आणि इथं पण, तरी ती येईना, म्हणजे गडबड शिकवण्यात आणि वाचण्यात आहे, असं मी तरी म्हणतो.

तर मूळ प्रश्नाला उत्तर: देशाची सरासरी घसरली म्हणून तुमच्या समोरच्या टीचरचं इंग्लिश खराब होत नाही. ती त्या देशातल्या उत्तम बोलणाऱ्यांपैकी आहे म्हणून तर ॲपवर आहे. शिवाय तिची मातृभाषा इंग्लिश नाही, तिनं ती वर्गात बसून शिकलेली आहे, त्यामुळं आपलं कुठं अडणार हे तिला आधीच कळतं. चालीत थोडा फरक वाटतो, आठवड्यात सवय होते. पण सगळ्या टीचर अशा नसतात. काहीजणी निव्वळ गप्पा मारतात, "व्हेरी गुड, व्हेरी गुड" करत पंचवीस मिनिटं काढतात. प्रोफाईलवर शाळेत शिकवल्याचा अनुभव लिहिलाय का ते बघा, आणि पहिल्या क्लासला चूक झाल्यावर ती लिहून देते का ते बघा. नसेल देत तर दुसरी निवडा, पॅकेजमधी बदलता येते.

आता तक्रारी. ॲपचं तयार मटेरियल आपल्या कामाचं नाही, विमानतळावर काय बोलायचं, पिझ्झा कसा मागवायचा असल्या स्लाईडा. मी आठवीच्या पुस्तकाचं पान फोटो काढून पाठवतो, टीचर त्यावरच घेते, तुम्ही नर्सिंगचे असाल तर पेशंटची हिस्ट्री घ्यायचा सराव मागा, इंटरव्ह्यूला पुण्याला जायचं असेल तर तुमचाच बायोडेटा पाठवा. दुसरं, पॅकेजला मुदत असते, बोर्डाच्या परीक्षेच्या ड्युटीत माझे काही क्लास वाया गेले, कस्टमर केअरनं मुदत वाढवून दिली नाही, नुसते गोड मेल. तिसरं, पैसे आपोआप परत कटतात, घेतल्या घेतल्या सेटिंगमधी जाऊन ते बंद करा. क्लास संपल्यावर एक कंप्युटरनं काढलेला रिपोर्ट येतो, टक्के-बिक्के, त्याकडं लक्ष देऊ नका, टीचरनं चॅटमधी लिहिलेल्या ओळी वहीत उतरवा, खरं काम त्या ओळींचं आहे.

पावसाळ्यात तिकडं चक्रीवादळं येतात, क्लास अचानक रद्द होतो, त्याचा क्लास परत मिळतो, टीचरला मात्र त्या वेळेचे पैसे मिळत नाहीत असं ती म्हणाली, त्यामुळं अशा वेळी रेटिंग कमी देऊ नका. आधीच या टीचरांचं हाल झालेलं आहे, २०२१ ला चीननं बाहेरच्या देशातून शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांना बंदी केली आणि फिलिपिन्समधल्या बऱ्याच जणींचं काम एकदम गेलं, मग बाकीच्या देशांतले विद्यार्थी शोधणं आलं. इकडं आपली लाईट जाते ती वेगळीच, मोबाईलचा डेटा तयार ठेवा.

लहान लेकरांबद्दल वर म्हणलं ते परत मोकळेपणानं सांगतो, कारण पालक सारखे विचारायलेत. पंचवीस मिनिटं स्क्रीनसमोर बसून ज्याला अजून वाचता येत नाही ते लेकरू फक्त मान डोलावतं. मी शेजारच्या तिसरीतल्या पोरीचा क्लास बघितलाय, टीचर जीव तोडून गाणी म्हणते, पोरगी हसते, आणि क्लास बंद झाल्यावर आईला विचारते "ती काय म्हणत होती?" तिला रोज संध्याकाळी मराठीतली एक गोष्ट मोठ्यानं वाचायला लावा, मग सोपी इंग्लिशची, आणि सहावी-सातवीत गेली की मग बोलायचा क्लास लावा, तेव्हा एका महिन्यात फरक दिसेल.

वेळेचं: त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. आपले संध्याकाळी सात म्हणजे त्यांचे साडेनऊ, चांगल्या टीचर तेव्हा थकलेल्या असतात किंवा स्लॉटच नसतो. पहाटे साडेपाच-सहाला घ्या, तिकडं आठ-साडेआठ झालेले असतात, टीचर ताजी असते, आणि इकडं त्या वेळी रेंज पण चांगली असते. आधी सगळ्यात छोटं पॅकेज घ्या, दोन-तीन टीचर बघा, एक पक्की झाली की मगच मोठं.